‘अपेय’ म्हणजे नेमके काय? आणि ते नळावरच्या पाटीवर चालेल का?

ओसरी (धागाकर्ती)
सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागेला आणि फ्लशला वापरायचे असते. अशा पाण्याच्या नळांवर मराठी पाटी हवी आहे. पुढे आलेला मसुदा दोनच शब्दांचा आहे: ‘अपेय जल’. नेटका आहे, पण काही शंका आहेत.

अपेय म्हणजे ‘पिता येत नाही असे’ की ‘पिऊ नये असे’? मराठीत ‘अपेयपान’ म्हटले की दारूच आठवते, मग पाण्याला हा शब्द लावला तर वाचणाऱ्याला काय कळेल? आणि शब्द जुना आहे तर पूर्वी त्यात काय काय धरत असत?

भाषा जाणणारे आणि पाणी जाणणारे, दोघांनीही लिहावे ही विनंती.

धातुरूप
व्याकरणापासून सुरुवात करतो.

‘पा’ म्हणजे पिणे. या धातूला यत् प्रत्यय लागला की पाणिनीच्या ‘ईद्यति’ (६.४.६५) या सूत्राने शेवटच्या ‘आ’चा ‘ई’ होतो आणि मग गुण होऊन ‘ए’. पा, पी, पे आणि पुढे य. देय, ज्ञेय, हेय, गेय हे सगळे याच साच्यातून निघाले. सुरुवातीला नकाराचा ‘अ’ लावला की अपेय.

यत् हा कृत्य प्रत्ययांपैकी एक. या प्रत्ययांत शक्यता, योग्यता आणि कर्तव्य असे तिन्ही अर्थ मावतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला व्याकरण एकच उत्तर देत नाही. ‘अज्ञेय’ म्हणजे जाणता येत नाही ते. तिथे शक्यतेचा नकार आहे. ‘अदेय’ म्हणजे देऊ नये ते. देता येते, पण देणे योग्य नाही. ‘अपेय’ परंपरेने दुसऱ्या रांगेत बसला. अपेय वस्तू घशाखाली उतरू शकते, म्हणून तर ती पिऊ नका असे सांगावे लागते.

आता एक गंमत. त्याच ‘पा’ धातूला अनीयर् प्रत्यय लावला की होते ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगे. त्यावरून आपले ‘पाणी’. म्हणजे ‘पाणी’ या शब्दाच्या पोटातच ‘पिण्याजोगे’ बसलेले आहे. ‘अपेय पाणी’ मुळापर्यंत उलगडले तर ‘न पिण्याजोगे पिण्याजोगे’ होते. अर्थात आज ‘पाणी’ म्हणताना हे कुणाच्या मनात नसते, म्हणून त्यात चूक काही नाही.

तळटीप
अपेय हा ‘अपाय’वरूनच आला ना? अपाय करते ते अपेय.

धातुरूप
नाही. कानाला सारखे वाटतात, पण घराणी वेगळी. अपाय म्हणजे अप + अय. त्यात ‘इ’ (जाणे) हा धातू आहे. मूळ अर्थ दूर जाणे, नाश होणे, त्यावरून हानी. अपेयमध्ये ‘अप’ हा उपसर्ग मुळीच नाही. अ + पेय अशी सरळ फोड आहे. ‘अपान’ वायूचेही तसेच: तो अप + अन आहे, अ + पान नव्हे.

व्युत्पत्ती चुकली की अर्थही घसरतो. अपायकारक नसलेली गोष्टही अपेय असू शकते. पोथ्या जाणणारे कुणी असतील तर त्यांनी हे पुढे न्यावे.

पोथीशाळा
नेतो.

‘अभक्ष्यभक्षण, अपेयपान, अगम्यागमन’ अशी तिकडी धर्मशास्त्रात सतत येते. यातल्या अपेयांत दारू आहेच. मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातले आणि सुरेचे तीन प्रकार सांगितले: गौडी गुळाची, पैष्टी पिठाची आणि माध्वी. माध्वी म्हणजे मधाची की मोहाच्या फुलांची, यावर टीकाकारांत मतभेद आहेत.

पण न पिण्याच्या वस्तूंची मोठी यादी दुधाची आहे, आणि ती आज बहुतेकांना ठाऊक नसते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हे दूध वर्ज्य सांगितले आहे: व्यायल्यापासून दहा दिवस पुरे न झालेल्या गायीचे, सांडणीचे (उंटिणीचे), एकखुरी जनावरांचे (घोडी, गाढवी), मेंढीचे, माजावर आलेल्या गायीचे आणि जिचे वासरू नाही अशा गायीचे. त्याच अध्यायात थोडे आधी ‘गव्यं च पेयूषम्’ म्हणून गायीचा चीकही वर्ज्य केला आहे.

म्हणजे अपेय ठरायला नशा लागत नव्हती आणि विषही लागत नव्हते. कोणी, कधी, कुणाचे प्यावे याचा तो नियम होता. वासरू नसलेल्या गायीच्या दुधाने पिणाऱ्याला काही होत नाही, तरी ते अपेय.

चुलाणे
दहा दिवसांच्या आतला चीक अपेय, आणि आपल्याकडे त्याचाच खरवस! शिवाय पेयूष म्हणजेच पीयूष ना? ज्याला अमृत म्हणतात?

पोथीशाळा
हो, तोच शब्द. पीयूष म्हणजे अमृत आणि पीयूष म्हणजे नव्या व्यालेल्या गायीचे दूध, दोन्ही अर्थ संस्कृतात आहेत. आपण श्रीखंड-ताकाच्या पेयाला पियूष म्हणतो तो त्याचाच पुढचा प्रवास.

चुलाणे
मग थोडे अवांतर, पण विषयाला धरून. चीक पिववत नाही त्याला शास्त्राआधी चुलीचे कारण आहे. त्यात प्रथिने नेहमीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि ती उष्णतेने गोठतात. चीक दुधासारखा उकळायला ठेवला की भांड्यातच गोळा होतो. म्हणून तो पीत नाहीत, उकडतात.

पहिल्या दिवशीचा चीक सर्वांत दाट, पिवळसर. एक वाटी चिकाला दोन वाट्या दूध घातले तरी वडी धरते. दुसऱ्या दिवशीच्याला बरोबरीने दूध, तिसऱ्या दिवशीच्याला अर्धी वाटी पुरे. गूळ आधी थंड दुधात विरघळवून गाळून घ्यावा, वेलची-जायफळ घालावे आणि डब्यावर झाकण ठेवून शिटी न लावता वीस-पंचवीस मिनिटे वाफ द्यावी. सुरी घालून पाहावी, कोरडी निघाली की झाला. झाकण ठेवले नाही तर वाफेचे पाणी वर पडून खड्डे पडतात. आच मोठी ठेवली तर खरवस जाळीदार होतो आणि पाणी सुटते. दूध जास्त झाले तर तो धरतच नाही, खीर होते.

विधिलिखित
चुलाणे, तुमच्या चिकाचा नियम आजही कायद्यात आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधाची व्याख्या करताना ते चीकविरहित असले पाहिजे असे म्हटले आहे. अर्थात कारण वेगळे: असे दूध तापवताना फाटते आणि डेअरीतले सगळे दूध बिघडते. उलट सांडणीचे दूध तिथे वर्ज्य नाही, त्याला स्वतंत्र मानक आहे. जुन्या यादीतले एक आत राहिले, एक बाहेर पडले.

मुद्रितशोधक
आता आजच्या वापराकडे येऊ. छापील मराठीत हा शब्द कुठे चालतो आणि कुठे अडतो, ते बघू.

‘अपेयपान’ हा सोवळा शब्द आहे. दारूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, पण सांगायचे तर आहे, अशा वेळी तो येतो. बातमीत तो शोभत नाही. तिथे ‘मद्यपान’, ‘मद्यप्राशन’, नाहीतर सरळ ‘दारू पिऊन’. पोलिसांच्या कागदात ‘मद्यप्राशन करून वाहन चालविणे’. उत्पादन शुल्काच्या कारवाईत ‘गावठी हातभट्टीची दारू’. वृत्तपत्री मथळ्यात ‘तळीराम’. तो गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या पात्रावरून आला आणि सामान्यनाम होऊन बसला.

बोलीत तर कर्मच गळते. ‘तो पितो’ एवढे म्हटले की काय पितो हे कुणी विचारत नाही. ‘घेता का?’, ‘काल बसलो होतो’ ही क्रियापदेही तशीच. चहा मात्र बिनधास्त ‘घेतात’ आणि ‘पितात’ही.

लेखनातल्या दोन गोष्टी. ‘अपेयपान’ हा एकच शब्द. ‘अपेय पान’ असे तोडू नये, तोडले की विड्याचे पान दिसते. आणि ‘अपेयपान पिणे’ चूक, कारण पान म्हणजेच पिणे, अपेयपान करतात. विशेषण म्हणून अपेय विकारत नाही (अपेय पाणी, अपेय दूध, अपेय ताडी), नाम झाले की विकारते (अपेये, अपेयांचा, अपेयाला).

कोनाडा
‘अपेय पेय’ असेही वाचले आहे. ही तर उघड विसंगती नाही का?

मुद्रितशोधक
दिसते तशी, पण नाही. ‘पेय’ मराठीत आता दोन कामे करतो. पहिले विशेषणाचे: पिण्याजोगे. दुसरे नामाचे: प्यायचा पदार्थ, जसे शीतपेय, थंड पेये. ‘अपेय पेय’मधला पहिला भाग योग्यता नाकारतो, दुसरा नुसते वस्तूचे नाव सांगतो. तरीही कानाला अडखळते हे खरे. ‘वर्ज्य पेये’ लिहिले तर काम भागते.

धातुरूप
याच घरातला आणखी एक शब्द राहिला: पेज. तो ‘पेया’वरून आला. वैद्यकात तांदळाच्या प्रकारांना पाण्याच्या प्रमाणावरून वेगळी नावे आहेत. शार्ङ्गधराच्या मापाने चौपट पाण्यात विलेपी, सहापट पाण्यात यवागू, चौदापट पाण्यात पेया. चौदापटच पाण्याचा पण शिते काढून टाकलेला तो मंड. म्हणजे ‘पेया’ नाव केवळ पातळपणावरून पडले, चमच्याने खायचे नाही, ओठाला लावून प्यायचे. पेय शब्दात आधी घशाचा व्यवहार होता, नीतीचा नंतर आला.

विधिलिखित
मुद्रितशोधक यांनी सोवळा शब्द म्हटले ते पटले. पण राज्यघटनेने तो सोवळेपणा पाळलेला नाही. अनुच्छेद ४७ मध्ये दारूसाठी ‘मादक पेये’ असेच शब्द आहेत. बंदीचे धोरण सांगतानाही नाव ‘पेय’च, अपेय नाही.

कायद्यात पिण्याच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न मात्र फार मोठा आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) ‘दारू’ची व्याख्या इतकी रुंद होती की अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधनेही त्यात सापडली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा औषधी आणि प्रसाधनांपुरती ती तरतूद रद्द केली. नंतर कायद्यात कलम २४-अ आले. मादक दारू म्हणून वापरण्यास अयोग्य असलेली औषधे, जंतुनाशके, अर्क, प्रसाधने त्याने बंदीतून वगळली. इथे ‘अयोग्य’ असणे हीच सुटका आहे! धर्मशास्त्रात अपेय म्हणजे निषिद्ध, आणि या कलमात पिण्यास अयोग्य म्हणजे बंदीतून मोकळे.

याच मुद्द्यावर पुढे औद्योगिक अल्कोहोल आले. १९९० साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की राज्यांच्या अधिकारातील ‘मादक दारू’ म्हणजे माणसाने प्यायची दारू. औद्योगिक अल्कोहोल त्यात नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो निकाल फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलही ‘मादक दारू’त धरले. वस्तू पिण्याजोगी आहे का एवढाच प्रश्न नाही, ती प्यायली जाऊ शकते का हाही आहे, असा त्याचा रोख.

रसशाळा
आणि ती प्यायली जाते, हेच दुःख आहे. म्हणून थोडे रसायन.

औद्योगिक स्पिरिट पिता येऊ नये म्हणून त्यात मुद्दाम काहीतरी मिसळतात: पिरिडीनसारखे घाण वासाचे द्रव्य, डिनॅटोनियमसारखे कमालीचे कडू द्रव्य किंवा मिथेनॉल. पहिल्या दोघांनी वासाने किंवा चवीने माणूस थांबतो. मिथेनॉल थांबवत नाही. त्याचा वास आणि चव साध्या दारूजवळची आहे, नशाही तशीच सुरू होते. शरीरात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. या क्रियेला वेळ लागतो, म्हणून त्रास बहुधा बारा ते चोवीस तासांनी जाणवतो: पोटात दुखणे, उलट्या, दम लागणे आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके. दृष्टीची नस आधी जाते. सोबत साधी दारू घेतलेली असेल तर लक्षणे आणखी उशिरा येतात, त्यामुळे ‘रात्री ठीक होता’ या बोलण्यावर जाऊ नये. रुग्णालयात फोमेपिझोल किंवा मोजून इथेनॉल देतात, गरज पडल्यास डायलिसिस. तास महत्त्वाचे असतात.

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, इथेनॉल ७८.४ अंशांना. हे आकडे ऐकून ‘तापवले की मिथेनॉल उडून जाईल’ असे काही लोक मानतात. जात नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून वाफ होतात आणि मागेही राहतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसे गेली ती मिथेनॉलनेच.

म्हणून वृत्तपत्रे अशा वेळी ‘विषारी दारू’ लिहितात, तेच लिहावे. तिथे ‘अपेयपान’ लिहिणे म्हणजे मेलेल्या माणसाच्या वर्तनावर बोट ठेवणे.

तळटीप
शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वाचनखूण साठवली.

पाणवठा
पाण्याबद्दल अजून कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. मूळ प्रश्न त्याचाच आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘अपेय’ हा शब्द नसतो. तिथे ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा असतो. तो भारतीय मानक १०५०० (२०१२) वरून ठरतो. महत्त्वाचे आकडे: सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, यात सवलत नाही, फ्लोराइड १, फार तर १.५ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

एकाच ‘अयोग्य’ शेऱ्याखाली दोन अगदी वेगळी पाणी येतात, आणि लोक इथेच फसतात.

जंतूंमुळे अयोग्य पाणी दुरुस्त होते. उकळी फुटल्यावर ते काही मिनिटे उकळत ठेवावे किंवा क्लोरीन द्यावे. क्षारांमुळे अयोग्य पाणी उकळून आणखी वाईट होते: पाणी वाफ होऊन जाते आणि नायट्रेट, फ्लोराइड तेवढ्याच्या तेवढे मागे राहते. अहवालात नुसता ‘अयोग्य’ शेरा वाचून पाणी उकळत बसू नये, कशामुळे अयोग्य तो रकाना आधी वाचावा.

विहिरीला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याचा हिशेब: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. दर घनमीटरला, म्हणजे १००० लिटरला, चांगल्या पावडरीचे २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर २८ घनमीटर, म्हणजे साधारण ७० ग्रॅम पावडर. पावडर कोरडी टाकू नये. आधी थोड्या पाण्यात लापशी करावी, मग बादलीभर पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे थांबावे. चुना तळाला बसतो. वरचे निवळ तेवढे दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे आणि बादली खालीवर करून पाणी हलवावे. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये, पाण्याचा कठीणपणा वाढतो. कमीत कमी अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी): पिवळा रंग आला पाहिजे. रंग आला नाही तर पावडर मेलेली असू शकते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो.

आणि डोळ्यांवर विश्वास नको. तुरटी फिरवली किंवा निवळीचे बी घासले की गढूळपणा खाली बसतो, पाणी काचेसारखे दिसते. ते निवळले, पिण्यायोग्य झाले असे नाही.

कोनाडा
बोलीत यासाठी शब्द आहेतच की. ‘पिण्याचे पाणी’ आणि ‘वापरायचे पाणी’. कुठे ‘खर्चाचे पाणी’ म्हणतात. चवीवरून खारे, मचूळ. अपेय म्हणायची वेळच का यावी? पाटीवर ‘वापरायचे पाणी’ लिहा.

पाणवठा
इथे ते धोक्याचे आहे. वापरायच्या पाण्यात भांडी धुणे, आंघोळ, चूळ भरणे सगळे येते. प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यासाठी नाही. आणि मचूळ पाणी नुसते बेचव असते, अयोग्य असेलच असे नाही.

बर्फगोळा
शेजारच्या शब्दाचे काय झाले तेही बघा. ‘अखाद्य’ला दारूसारखा डाग लागला नाही, म्हणून तो व्यवहारात टिकला: अखाद्य तेले (करंज, कडुनिंब), अखाद्य पेंड. आणि अखाद्य बर्फ. नाशवंत माल थंड ठेवायला जो बर्फ करतात तो पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही, पण तो सरबतात जाऊ लागला. म्हणून २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम झाला: इंडिगो कार्मिन किंवा ब्रिलियंट ब्लू, दहा पीपीएमपर्यंत. बर्फ निळसर दिसला की तो ग्लासात घालायचा नाही.

एकही अक्षर न वाचता कळते. तुमच्या नळालाही शब्दाआधी रंगाचा विचार करावा असे वाटते.

पेयजल
मी ‘अपेय जल’च्या बाजूने. ‘पेयजल’ शब्द शासनाने रुळवला. राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम, मुख्यमंत्री ग्रामीण पेयजल कार्यक्रम ही नावे गावोगाव पोचली. त्याचा विरुद्धार्थी शब्द तयार आहे, नेमका आहे, लहान आहे. वापरला नाही तर रुळणार कसा? आणि पाण्याला लावला की दारूचा वासही हळूहळू जाईल.

मुद्रितशोधक
शब्द रुळवायला लेख आहेत, अहवाल आहेत, पाठ्यपुस्तके आहेत. तिथे जरूर लिहा, मी स्वतः दुरुस्ती न करता जाऊ देईन. धोक्याच्या पाटीवर नको. कारण सौंदर्याचे नाही, अक्षराचे आहे.

‘अपेय जल’मध्ये सगळा नकार एका ‘अ’मध्ये आहे, आणि तो ‘अ’ पाटीच्या डाव्या कडेला. तिथेच खिळा येतो, तिथेच पत्रा गंजतो, तिथेच वेल चढते. रंगाचा एक पापुद्रा निघाला की पाटी म्हणते ‘पेय जल’. अर्थ पुसट होत नाही, उलटा होतो. पाटीचा मजकूर असा हवा की कुठलेही एक अक्षर गेले तरी अर्थ उलटा होऊ नये.

धातुरूप
हे फार मोलाचे. व्याकरणाने मान्य, तरी पाटीसाठी अमान्य. माझे मत बदलले.

ओसरी
‘अ’ची गोष्ट ध्यानात आली नव्हती, धन्यवाद. मग ‘पिण्याचे पाणी नाही’ असे लिहिले तर?

मुद्रितशोधक
ती पाटी वाचून लोक म्हणतील, आज पाणी आलेले नाही. मराठीत त्या वाक्याचा पहिला अर्थ टंचाईचा आहे. ‘हे पिण्याचे पाणी नाही’ केले की तो घोळ जातो, पण ‘नाही’ शेवटी आहे. दोन ओळींत लिहिले आणि खालची ओळ तोटीमागे गेली की पुन्हा ‘हे पिण्याचे पाणी’.

‘पिऊ नका’ घ्या. ‘नका’ पुसले गेले तर ‘पिऊ’ एकटे उभे राहत नाही, वाचणारा थबकतो. ‘पिऊ नये’ नको, ते उपदेशासारखे लागते.

पाणवठा
आणि मुलांसाठी चित्र. ग्लास आणि तोटी काळी, भोवती लाल वर्तुळ, वरून लाल तिरकी रेघ. ‘पिण्याचे पाणी नाही’ यासाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षाचिन्हांत हेच चिन्ह आहे. पाटी तोटीच्या वर, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. मोठ्यांच्या उंचीला नको, चुकून पाणी पिणारी मुलेच असतात.

पाटीइतकेच महत्त्वाचे: त्या नळाची फिरवायची चकती काढून ठेवावी, चावीने उघडेल अशी तोटी बसवावी. नळी पिण्याच्या नळीपेक्षा वेगळ्या रंगाची; पुनर्वापराच्या पाण्याला बऱ्याच ठिकाणी जांभळा रंग देतात. दोन्ही नळ्या कुठेही जोडलेल्या नाहीत हे तपासायला पिण्याच्या पाण्याची मुख्य चावी बंद करून पुनर्वापराची लाइन चालू ठेवावी आणि स्वयंपाकघरातली तोटी उघडावी. आधी नळीत साठलेले पाणी येईल ते जाऊ द्यावे. त्यानंतरही पाणी येतच राहिले तर कुठेतरी जोड आहे, तो सापडेपर्यंत ते पाणी कुणी पिऊ नये. मग उलट करून फ्लशची लाइनही तशीच बघावी.

बर्फगोळा
चित्राला +१. चावीच्या तोटीला +१००.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. असा मजकूर धरते:

हे पाणी पिऊ नका.
चूळ भरू नका, हात-तोंड धुऊ नका.
फक्त झाडांसाठी.

वर लाल रेघेचे चित्र. फ्लशच्या टाकीवर तिसरी ओळ ‘फक्त फ्लशसाठी’.

पेयजल
‘अपेय’ कुठेच नाही, याची थोडी हळहळ वाटते, पण ‘अ’ पुसला जाण्याला माझ्याकडे उत्तर नाही. देखभालीच्या वहीत, नळ्यांच्या नकाशावर तरी ‘अपेय जलवाहिनी’ लिहा. ती वाचणारे कागदावर वाचतात, तिथे गंज चढत नाही.

ओसरी
नकाशावर लिहू. तिथे खरोखरच लांबलचक ‘प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची नळी’ मावत नव्हते.

मुद्रितशोधक
पहिल्या ओळीत ‘पिऊ नका’ एकाच ओळीत राहील असे बघा. रंगाऱ्याला जागा कमी पडली की तो ‘नका’ खाली टाकतो.